'आमच्यात आडवा विस्तव जात नाही' याला इंग्रजीत फ्यूड म्हणायचं की एन्मिटी?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला भाषांतराचं काम करते. इथं उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८१ पासून आहे. खालच्या कोर्टातल्या साक्षी, जबाब, पंचनामे मराठीत असतात आणि वरचं कामकाज इंग्रजीत चालतं. म्हणून प्रकरण वर गेलं की तो सगळा मराठी गठ्ठा कुणीतरी इंग्रजीत करून द्यावा लागतो. ते काम माझ्यासारखे लोक करतात.

सध्या एका साक्षीवर अडले आहे. गाव, माणसं, प्रकरण यातलं काही सांगणार नाही, ओळख पटेल असं सगळं वगळलंय. साक्षीदार वयस्कर शेतकरी. उलटतपासणीत त्याला विचारलं, आरोपीच्या घराशी तुमचे संबंध कसे आहेत? तो म्हणाला, "त्यांचं आमचं आज्यापासून वाकडं हाय. आमच्यात आडवा इस्तू जात न्हाई." ज्यानं हे टिपून घेतलं त्यानं शब्द जसेच्या तसे ठेवले. असं फार क्वचित बघायला मिळतं. एरवी 'आमचे पूर्ववैमनस्य आहे' असं छापील मराठी होऊन येतं आणि माणसाचा आवाज तिथंच संपतो.

पहिल्या खर्ड्यात मी फ्यूड लिहिलं. आजा, बाप आणि हा, अशा तीन पिढ्या. शब्द चपखल वाटला. रात्री पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, या माणसाच्या हातात मी उगाच कुऱ्हाड दिली. तो 'वैर' हा शब्दसुद्धा बोललेला नाही. मग एन्मिटी लिहू? की होस्टिलिटी? कोशात वैराखाली हे सगळे एका ओळीत बसवलेले असतात, जणू एकाच मापाचे. तसे ते नाहीत हे जाणवतं, पण फरक बोटात धरता येत नाही. जाणकारांनी सांगावं. तुमच्या भागात अशा वाकडेपणाला काय म्हणतात तेही सांगा.

---

मांजराकाठचा मास्तर

ताई, मी लातूर जिल्ह्यात इंग्रजी शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुमची शंका रास्त आहे.

फ्यूडला दोन बाजू लागतात आणि दोन्ही हलत्या लागतात. एकानं काही केलं, दुसऱ्यानं त्याचं उट्टं काढलं, पहिल्यानं परत काही केलं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं, तर तो फ्यूड. बहुधा घराण्याघराण्यांत, टोळ्यांत, भावकीत. एकट्या माणसाला फ्यूड करता येत नाही.

एन्मिटी ही नुसती स्थिती आहे. आम्ही शत्रू आहोत, एवढंच ती सांगते. कुणी काही केलंच पाहिजे असं नाही. होस्टिलिटी वागण्यात दिसते, म्हणजे बोलण्यातला तिखटपणा, अडवणूक, अंगावर येणं. ॲनिमॉसिटीत मनातला ताप असतो. ग्रज मात्र एकट्याचा. मी तुमच्यावर दात धरून असेन आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल, तरी तो ग्रज होतो. जुन्या फ्रेंचमधल्या 'कुरकुर करणे' या क्रियापदातून तो आलाय, त्यामुळं त्यात ती घरातल्या घरात धुमसणारी कुरकुर अजून ऐकू येते.

आणि एक शब्द मला फार आवडतो, रँकर. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ तेल-तूप खराब झाल्यावर येणारा वास. आपण खोबऱ्याला खवट म्हणतो आणि माणसालाही म्हणतो. रँकर म्हणजे बरणीत झाकून ठेवलेलं, खवट झालेलं वैर. दोन भाषांना एकच वास आला, याचं मला अजून नवल वाटतं.

फ्यूडचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं, हॅटफील्ड आणि मकॉय या दोन घराण्यांचं. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी यांच्या सीमेवर टग फोर्क नावाची नदी आहे, तिच्या दोन तीरांवर ही घरं. १८७८ मध्ये एक डुक्कर कुणाचं यावरून खटला झाला. पुढं १८८२ ला एका हॅटफील्डला भोसकलं, त्याच्या बदल्यात तीन मकॉय भाऊ मारले गेले. १८८८ च्या नव्या वर्षाच्या रात्री मकॉयांचं घर जाळलं. वंशजांनी समेटाच्या कागदावर सह्या केल्या त्या २००३ साली. फ्यूड म्हटल्यावर इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढं हे उभं राहतं. तुमच्या साक्षीदाराच्या दोन वाक्यांत यातलं काय आहे ते बघा.

---

बालाघाट

मास्तर, माझ्या समजुतीप्रमाणं फ्यूड हा फ्यूडल म्हणजे सरंजामीतला शब्द आहे. जहागीरदार, देशमुख यांच्यातली भांडणं ती फ्यूड. आपल्याकडं निजामाच्या काळात हेच होतं, त्यामुळं शब्द मराठवाड्याला लागू पडतो.

---

मांजराकाठचा मास्तर

बालाघाट, हा घोळ पुष्कळांचा होतो, माझाही बरीच वर्षं होता. दोन्ही शब्द दिसायला एक, पण कुळं वेगळी. फ्यूडल मधला फ्यूड मध्ययुगीन लॅटिनमधल्या जमिनीच्या देणगीवरून, म्हणजे जहागिरीवरून आला. वैराचा फ्यूड जर्मानिक कुळातला. जुन्या जर्मनमध्ये 'फेहिदा' म्हणजे वैर. ते फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून तेराशेच्या सुमारास स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत आलं. इंग्रजीतला 'फो', म्हणजे शत्रू, त्याचा सख्खा नातेवाईक. स्पेलिंग पुढं सारखं झालं एवढंच. उच्चारही जपावा, फ्यूड. 'य' खाल्ला की जेवण होतं, आणि वर्गात दरवर्षी चार मुलं तो खायचीच.

---

दुधना

गोदाकाठताई, मी परभणीला वकिली करतो. तुमचा प्रश्न नुसता भाषेचा नाही. फौजदारी प्रकरणात आमच्याकडं एक वाक्य सतत कानावर पडतं, वैमनस्य हे दुधारी शस्त्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या कितीतरी निकालांत ते आलंय. वैर असेल तर गुन्ह्याला हेतू मिळतो, ही एक धार. वैर असेल तर साक्षीदारानं खोटं गोवलं असण्याची शक्यता उभी राहते, ही दुसरी धार.

आता विचार करा. तुम्ही फ्यूड लिहिलंत, तर बचाव पक्षाचा वकील म्हणेल, तीन पिढ्यांचा फ्यूड चालू आहे हे साक्षीदारानंच कबूल केलंय, मग त्याच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा? आणि म्हाताऱ्यानं कबूल काय केलंय, तर आमचं येणं-जाणं नाही. वर बसलेल्या न्यायमूर्तींपुढं तुमचा इंग्रजी शब्दच साक्षीदार होऊन उभा राहणार.

कायद्यातही हे शब्द सैल वापरत नाहीत. दोन गटांत शत्रुत्व वाढवण्याचं कलम, जुन्या भारतीय दंड संहितेतलं १५३ अ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९६, यात शब्द एन्मिटी आहे. म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात त्या शब्दालाही वजन आहे. सांभाळून.

---

येलदरी

दुधना वकीलसाहेब, +१. मी हा धागा उगाच उघडला होता, आता सोडवत नाही.

---

काळी माती

मी हिंगोलीकडचा, शेती करतो. इंग्रजी वाचता येतं, बोलायला जमत नाही. पण वैर म्हणजे काय ते मला माझ्या घरातून सांगता येईल.

आमच्याकडं याला 'दावा' म्हणतात. "त्यांच्यात दावा हाय." कोर्टात दाखल करतात तोही दावाच. माझ्या घरात दोन्ही एकच आहेत. पणजोबांची जमीन आजोबा आणि त्यांच्या चुलतभावात वाटली गेली, मध्ये बांध. तो बांध चांगला चार हात रुंद होता असं आजी सांगायची, वर बोरीची झाडं होती. दोन्हीकडचे नांगरताना दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधातून काढायचे. आता वीतभर राहिलाय. मोजणी झाली, हरकत झाली, परत मोजणी झाली. १९५४ सालच्या खासरा पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीची, नक्कल काढली. घरात त्याआधीचे उर्दूतले कागद आहेत, १९४८ पर्यंत आपल्याकडं कचेरीची भाषा उर्दूच होती. ते आम्हाला कुणालाच वाचता येत नाहीत, पण जपून ठेवलेत. आजोबा दुश्मनी म्हणत नव्हते, अदावत म्हणायचे.

दिवाणी दावा आजोबांनी लावला. ते गेले तेव्हा वडिलांचं नाव वारस म्हणून लागलं. वडील गेले, तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन, नव्वद दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यावे लागतील. सातबाऱ्यावर माझं नाव लागायच्या आधी दाव्यात लागलं. माझा मुलगा सातवीत आहे. मला रात्री झोप लागत नाही ती याच विचारानं, की पुढचा वारस तोच आहे.

२०२१ च्या सप्टेंबरात तो मोठा पाऊस झाला होता, तेव्हा आमचं सोयाबीन काढून ढीग घातलेला. गाडीवाट त्यांच्या शेतातून. मळणीयंत्र त्यांनी वाटेतच अडवलं. दोन दिवस विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि ढिगाला कोंब फुटले. बायको ढिगावर बसून रडली. पण खरं सांगतो, त्याच्या आदल्या वर्षी माझ्या वडिलांनी त्यांची पाइपलाइन आमच्या रानातून जाऊ दिली नव्हती, त्यांचा हरभरा वाळला. हे उट्टं त्याचं होतं. हे मी गावात कुणाला बोललो नाही, इथं लिहितो.

आणि वडील गेले तर त्या घरचे तिघंही आले. खांदा दिला. लाकडं रचू लागले. सगळं होईपर्यंत थांबले, पाण्याचा तांब्या पुढं केला तर हात जोडून गेले. मास्तर, याला काय म्हणायचं?

---

मांजराकाठचा मास्तर

काळी माती, तुमची पोस्ट दोनदा वाचली. हरभऱ्याच्या बदल्यात सोयाबीन, हे फ्यूडच्या फार जवळ जातं. मी वर जो शब्द रक्तपाताच्या उदाहरणानं समजावला, त्याला रक्तच लागतं असं नाही. रक्ताचा असेल तर इंग्रजीत 'ब्लड' आधी जोडून मुद्दाम सांगतात. तुमच्या घरचा फ्यूड जमिनीचा आणि पाण्याचा आहे. पण खांदा द्यायला येणं त्या शब्दात मावत नाही. त्यासाठी इंग्रजी शब्द माझ्याकडं नाही.

आमच्याकडं लातूर-धाराशिवला येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जेवायला येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना हाका मारून बोलावतात, अगदी अनोळखी वाटसरूलाही. भज्जी आणि आंबील. त्या दिवशी शेजारच्या बांधावरून हाक आली नाही, की गावाला कळतं, वाकडं आहे. कुणी काही बोलायची गरज नसते.

---

पोथी

नांदेडहून. संस्कृत शिकते. उशिरा आले, पण यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

'वैर' हा शब्द 'वीर' यावरून बनलाय. वीराचं ते वैर. वीर म्हणजे मुळात पुरुष, मर्द. लॅटिनमध्ये तोच 'विर', जुन्या इंग्रजीत तोच 'वेर'. त्या जुन्या इंग्रजीत 'वेरगिल्ड' नावाची चाल होती. माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना ठरलेली रक्कम द्यायची आणि फ्यूड तिथं थांबवायचा. वेर म्हणजे माणूस, गिल्ड म्हणजे भरपाई. आणि आपल्याकडं? वैर या शब्दाचा एक जुना अर्थ तोच आहे, खुनाबद्दल द्यायचा दंड. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाला मारलं तर हजार गाई द्याव्या 'वैरयातनार्थ', म्हणजे वैर फेडण्यासाठी, असं सांगितलंय. वैश्यासाठी शंभर, शूद्रासाठी दहा. हा उतरता आकडा लिहिताना मला त्रास होतो, पण तो तसा आहे. वेरगिल्डही हुद्द्याप्रमाणंच ठरायचा. एवढ्या लांबच्या दोन समाजांनी वैर मोजायला घेतलं आणि दोघांनीही माणसाला पायऱ्यांवर बसवलं.

ॲनिमॉसिटीचंही तसंच. तिचा जुना अर्थ धैर्य, हिंमत. वीराचं वैर झालं तशी हिंमतीची ॲनिमॉसिटी झाली. आणि एन्मिटीच्या मुळाशी लॅटिन 'इनिमिकस' आहे, जो मित्र नाही तो. संस्कृतात शत्रूला 'अमित्र' म्हणतात, घडण तीच.

आता ताईंच्या साक्षीदाराकडं. त्याचा शब्द 'वाकडं' आहे. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी पसायदानात 'खळांची व्यंकटी सांडो' म्हटलंय, ती व्यंकटी म्हणजे वाकडेपणाच. खळ मरोत असं मागणं त्यात नाही, वाकडेपण गळून पडो असं आहे. वाकडं झालेलं सरळ होऊ शकतं, हे त्या शब्दातच आहे. वैराला तशी सोय नाही. म्हणून माझं मत, एन्मिटीसुद्धा इथं जड होते.

---

बालाघाट

मास्तरांनी दुरुस्त केलं, आभार. व्हेंडेटा कुठं बसतो मग?

---

मांजराकाठचा मास्तर

इटालियन शब्द, अर्थ सूड. कॉर्सिकातल्या घराण्यांच्या सूडसत्रांवरून एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत रुळला. आज मात्र बहुतेक वेळा एकतर्फी वापरतात, कुणीतरी कुणाच्यातरी मागं हात धुऊन लागलंय अशा अर्थी. इथं लागू नाही.

---

चुलीपाशी

मी जालन्याची, घर सांभाळते, इथं फक्त वाचायला येते. सगळे वैरावर लिहितायत, विस्तवाकडं कुणी बघितलं नाही म्हणून लिहिते.

माझी आई सांगायची, घरात काडीपेटी असायची, पण काडी जपून वापरायची. पहाटे ज्या घरातून आधी धूर निघेल तिथं गोवरीचा तुकडा घेऊन जायचं आणि विस्तव आणायचा. आपली चूल आधी पेटली तर शेजारणीला द्यायचा. मागणाऱ्याला कमीपणा नाही आणि देणारीचं काही जात नाही, कारण विस्तव दिल्यानं कमी होत नाही. म्हणून ज्या दोन घरांत विस्तवसुद्धा जात नाही, त्यांच्यात काहीच उरलेलं नाही, असा त्याचा अर्थ आईनं मला सांगितला.

माझ्या माहेरी भिंतीला भिंत लागून चुलत्याचं घर. कशावरून बिनसलं ते मला आजही नीट माहीत नाही, कुणी म्हणतं न्हाणीच्या पाण्यावरून, कुणी म्हणतं आजीच्या पाटल्यांवरून. विस्तव बंद झाला. आई पावसाळ्यात खापरात निखारे घेऊन, वर ताटली झाकून, गल्लीच्या टोकाच्या घरून यायची. दारात पोचेपर्यंत पाऊस लागला की परत माघारी. भिंतीपलीकडं चूल पेटलेली असायची, भाकरी थापल्याचा आवाज आमच्या घरात यायचा. चुलतीलाही आमचा येत असणार. त्या दोघींचं आपसात काहीच भांडण नव्हतं. संक्रांतीला वाण द्यायचं नाही, हे पुरुषांनी ठरवलेलं, आणि पाळलं बायकांनी.

ताई, ती माणसं भांडत नव्हती. तीस वर्षांत एक शिवी गेली नाही भिंतीपलीकडं. त्याला फ्यूड म्हटलं तर माझ्या आईच्या खापराचं काय झालं? आणि अबोला म्हणू नका. अबोला घरातल्या माणसांत धरतात, तो सुटायचाच असतो.

---

दुधना

चुलीपाशी ताई, धन्यवाद. हे वाचायला मिळालं याचं बरं वाटलं.

काळी माती, दोन कामाच्या गोष्टी. शेताची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमचं २०२१ चं गेलं, पुढं असं झालं तर दिवस मोजत बसू नका. दुसरं, तुमचा दावा लोकअदालतीत ठेवायला दोघांनी हो म्हटलं तर तिथं झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. सरकारनं २०२३ मध्ये सलोखा योजनाही आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं चाललं असेल तर अदलाबदलीचा दस्त हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फीत होतो. त्याची मुदत आता काय आहे ते तलाठ्याला विचारून घ्या.

---

काळी माती

सलोख्यात आमचं बसत नाही, आमचा ताबा बदललेला नाही, वादच बांधाचा आहे. लोकअदालतीचं वकिलांना विचारतो. त्या घरातल्या थोरल्याला मी फोन केलेला नाही कधी. नंबर आहे.

---

गोदाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगते.

फ्यूड काढलं. एन्मिटीही लिहिलं नाही. 'वाकडं' साठी आजोबांच्या काळापासून संबंध बिघडलेले आहेत असं साधं इंग्रजी केलं. 'इस्तू' च्या वाक्यासाठी दोन्ही घरांत बोलणं-चालणं, देणं-घेणं काहीच नाही असं लिहिलं. आणि दोन्ही ठिकाणी साक्षीदाराचे मूळ शब्द रोमन लिपीत शेजारी ठेवून खाली टीप दिली की हा वाक्प्रचार आहे, शब्दशः अर्थ चुलीचा विस्तवही न देणं. म्हणजे वाचणाऱ्याला माझ्या निवडीवर हरकत घ्यायची असेल तर मूळ त्याच्या समोर आहे.

ज्यांनी काम दिलं त्या वकिलांना 'स्ट्राँग एन्मिटी' हवं होतं. मी सांगितलं, साक्षीदार पुन्हा तसं बोलला तर लिहीन. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मान्य केलं.

पुढचं पान आज घेतलं. तिथं तोच म्हातारा आरोपीबद्दल म्हणतो, "त्यानं मपल्यावर डूख धरला." इथं मात्र मी थांबले नाही. मास्तरांनी सांगितलेला ग्रज, एकट्याचा, मनात ठेवलेला. इंग्रजीतही तो 'बेअर' करतात, बाळगतात, आणि आपणही डूख धरतोच. तो लिहिला आणि पान उलटलं.